कारागीर : कोणी नाही

तुम्ही खोटं लिहिलंत.

तपासणीच्या पिवळ्या कागदावर, अकराव्या रकान्यात, 'दुकानातील जाणकार कारागीर' या शब्दांपुढे लिहिलंय, 'कोणी नाही. मुलगा परदेशी.' अक्षर तुमच्या तपासनिसाचं, खालचा गोल शिक्का तुमच्या वजनमापे कार्यालयाचा. हे लिहिताना तो ज्या पेल्यातून पाणी पीत होता, तो पेला त्याला एका बाईने आणून दिला होता. तिच्या बोटांना शिशाचा काळा रंग होता, अंगात जाड एप्रन होता, आणि मागच्या व्हाइसमध्ये तराजूची दांडी अर्धवट कानसलेली अडकलेली होती. ती पाणी द्यायला उठली म्हणूनच दांडी अर्धवट राहिली. त्याने विचारलं, "इथे कारागीर कोण?" ती म्हणाली, "मी." तो म्हणाला, "तसं नाही हो, काम करणारं कोण?"

मग पाणी संपवलं आणि लिहिलं, कोणी नाही.

आता पुढचं ऐका. तुम्ही ऐकणार नाही हे ठाऊक आहे, तरी सांगायचं ते सांगितलंच पाहिजे.

दुकान वजन-काटे दुरुस्तीचं. एक लांबट खोली, पुढे रस्ता, मागे राहायच्या दोन खोल्या. किराणावाले, भाजीवाले, भंगारवाले, औषधवाले आपली वजनं आणि काटे तिथे आणतात. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर तुमचं कार्यालय दरवर्षी मोहर उठवतं. वजन झिजून हलकं झालं की शिसं वाढवायचं, जड भरलं की कोरून काढायचं, मग तपासनिसापुढे ठेवायचं. परवान्याशिवाय त्या शिशाला हात लावता येत नाही. परवाना म्हाताऱ्या मालकांच्या, म्हणजे बाबांच्या नावावर आहे, आणि बाबांचे हात तीन वर्षं झाली थरथरतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी अर्धा चहा बशीत. सगळं काम त्यांची थोरली लेक करते. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहते, सकाळी नऊला येते, सहाला जाते. एकोणीस वर्षं. गिऱ्हाइकं तिला काटेताई म्हणतात, आणि 'काटेताई आहेत का' असं विचारूनच आत पाऊल टाकतात. नसल्या तर बाबांना नमस्कार करून परत जातात.

तुमच्या पिवळ्या कागदाने एक महिन्याची मुदत दिली. महिनाभरात कारागीर मुलाने स्वतः हजर राहावं, एक वजन जुळवून दाखवावं, इथेच राहतो असं सही करून द्यावं. नाहीतर परवाना रद्द.

बाबांनी परदेशी फोन लावला. धाकट्याला.

या धाकट्याला घरात तोळ्या म्हणतात. दिवस भरायच्या आत जन्मला, एवढासा, आणि बाबांनी त्याला पहिल्यांदा हातात घेतलं ते दुकानातल्या काट्यावर ठेवण्यासाठीच. आईने तेव्हा बाबांना जे ऐकवलं ते अजून घरात सांगतात. आई आता नाही. तोळ्या आता त्रेचाळीस वर्षांचा आहे, पोट सुटलेला, आणि सतरा वर्षं परदेशी असतो. तिकडे एका मोठ्या कंपनीत प्रयोगशाळांचे काटे तपासतो. नव्याने लागलेल्यांना शिकवतोही. त्याच्या शिकवायच्या खोलीच्या दारावर त्यानेच एक पाटी लावली आहे, 'यंत्र जागेवरून हललं, की आधी पुन्हा जुळवा.' ही पाटी लक्षात ठेवा.

विमानात त्याने एक भाषण तयार केलं. घरचे म्हणणार, आता परत ये, दुकान सांभाळ. त्यावर तो म्हणणार, बायकोची नोकरी आहे, मुलीची शाळा आहे, माझं वय हे असं. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे बाबांचा हात धरायचा, हेही ठरवलं होतं. सतरा वर्षांत चार वेळा आला होता, आणि प्रत्येक वेळी हा प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून उत्तर पाठ करूनच आला होता.

दुकानाचं दार त्याने खांद्याने ढकललं. तिकडची दारं जड असतात, थंडी आत येऊ नये म्हणून आपोआप मिटणारी, त्यामुळे ती खांद्याची सवय. इथलं दार एका बोटाने उघडतं. तोळ्या बॅगेसकट आत जाऊन वजनांच्या रांगेवर आदळला.

"आला," ताई मागे वळून न पाहता म्हणाली. "बाबा, पाहुणे आले. काही फुटलंय का बघा."

राहायच्या खोल्यांपैकी एकीत सुटे भाग भरले होते, आणि त्याच्या जुन्या पलंगावर कुणा गोदामवाल्याचा मोठा काटा खोलून ठेवला होता. त्याला दुकानातच, दोन मांडण्यांच्या मधे, खाट टाकून दिली. पहिल्या सकाळी डोळे उघडले ते हातोडीच्या आवाजाने. ताई शिसं ठोकत होती. दोन हलके, एक जड, मग थांबून बघायचं. लहानपणी बाबा याच ठेक्यात ठोकायचे. तोळ्या डोळे मिटून तसाच पडून राहिला. तिकडे सकाळ म्हणजे गजर, मग कॉफीचं यंत्र, मग गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा. इथे कुणीतरी त्याच्या डोक्याशी कामाला लागलं होतं आणि त्याने उठावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. असं सुख त्याला कधी मिळालं होतं ते आठवेना.

तीन दिवस गेले. तो न्हाव्याकडे जाऊन आला. न्हाव्याने 'किती वर्षांनी' असं विचारलं आणि उत्तर न ऐकताच मान पुढे दाबली. चौकात उभं राहून त्याने रस्ता ओलांडायला फार वेळ लावला, तेव्हा एक म्हातारी त्याचं मनगट धरून त्याला पलीकडे घेऊन गेली. तो तिला म्हणाला, मी इथलाच आहे. ती म्हणाली, हो हो, सगळे असंच म्हणतात. हे त्याने घरी सांगितलं आणि बाबा दोनदा 'पुन्हा सांग' म्हणाले.

पण प्रश्न काही कुणी विचारेना. भाषण तसंच पडून. चौथ्या दिवशी त्याला राहवलं नाही आणि जेवताना त्यानेच काढलं, "बाबा, मी परत यावं असं तुम्हाला वाटतं का?"

बाबा घास तोंडात तसाच ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. "परत? इथे?" म्हणाले. "झोपशील कुठे?"

ताईला ठसका लागला. तोळ्याही हसला, पण त्याला कुठेतरी लागलं, हेही खरं. सतरा वर्षं ज्या ओझ्याने वाकला होता, ते ओझं समोरच्यांनी कधी त्याच्या पाठीवर ठेवलंच नव्हतं. मग बाबांनी नीट समजावलं. एक दिवसाचं काम आहे. गुरुवारी तपासनीस येईल, त्याच्यापुढे वजन जुळवायचं, इथेच राहतो म्हणून सही करायची आणि आपल्या तारखेला विमानात बसायचं. परवाना तुझ्या नावावर, काम ताईचं.

"आणि तुला चालेल?" त्याने ताईला विचारलं.

"एकोणीस वर्षं बाबांच्या नावाने केलं," ताई म्हणाली, "आता तुझ्या नावाने करीन. वजनाला काय कळतंय?"

तिने हे इतक्या सहज म्हटलं की तोळ्याला ते सहजच वाटलं. माणूस सतरा वर्षं लांब राहिला की त्याला घरच्यांचे आवाज ओळखू येतात, आवाजातला बदल ओळखू येत नाही.

आता त्याच्या प्रतापाकडे येऊ.

तो घरी भेट घेऊन आला होता. इलेक्ट्रॉनिक काटा, त्याच्या कंपनीचा, चकचकीत, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. निघायच्या आदल्या दिवशी त्याने तो स्वतःच्या हाताने तिकडच्या वजनांवर जुळवला होता, आणि सोबत तसा दाखलाही होता. बुधवारी सकाळी ताई किराणावाल्याचा काटा पोचवायला गेली, बाबा मागे आडवे झाले होते. तोळ्याने यंत्र बाहेर काढलं. पाय फिरवून सपाट केलं, बुडबुडा बरोबर मधोमध आणला. आणि किराणावाल्याची एक किलोची वजनं, जी उद्या तपासनिसापुढे जायची होती, त्यातलं एक वर ठेवलं.

नऊशे सत्त्याण्णव पूर्णांक चार.

दुसरं ठेवलं. तेच. दोन किलोचं ठेवलं, पाच ग्रॅम कमी. पाच किलोचं, तेरा ग्रॅम कमी. त्याने वहीत सगळं लिहून काढलं. मग उठून मांडणीवरची सगळी वजनं बघत उभा राहिला. मनात आलं ते असं की ताई बिचारी काय करणार. शिकली बाबांच्या हाताखाली, यंत्र कधी पाहिलं नाही, तपासनीस काय, डोळे झाकून मोहर मारत असतील. इकडे असंच असतं. अडीच ग्रॅम म्हणजे काय, असं म्हणत असतील. हे 'इकडे असंच असतं' त्याच्या मनात फार आरामात आलं. रागही आला नाही, उलट माया आली. ती माया रागापेक्षा वाईट होती, पण हे त्याला नंतर कळलं.

आणि मायेच्या भरात त्याने काय केलं, तर गिरमिट घेतलं, पहिल्या वजनाच्या बुडाची मोहर फोडली आणि शिशाचा तुकडा आत ठोकला. दोन हलके, एक जड. यंत्रावर ठेवलं, बरोबर हजार. त्याला फार बरं वाटलं. ताई यायच्या आत सगळीच नीट करून टाकावीत, असं ठरवून त्याने दुसरं वजन पुढे ओढलं.

तेवढ्यात ताई आली.

तिने आधी फुटलेली मोहर पाहिली. मग यंत्र पाहिलं. मग त्याला पाहिलं. तोळ्या समजावू लागला की घाबरू नकोस, तुझा दोष नाही, वजनं झिजलीत, सगळीच झिजलीत, मी आहे ना. त्याने वही पुढे केली. ताईने वही वाचली, सावकाश, बोट फिरवत. मग कपाटाचं कुलूप काढलं. आत मखमलीच्या खाचेत पितळी प्रमाण वजनं असतात, तुमच्याच कार्यालयातून दर वर्षी तपासून आणलेली. तिने दांडीचा तराजू टांगला. एका पारड्यात पितळी किलो, दुसऱ्यात तोळ्याने दुरुस्त केलेला किलो.

तोळ्याचं पारडं खाली गेलं. जरासं नाही. टेबलाला टेकलं.

तिने ते उचललं आणि त्याने हात न लावलेलं वजन ठेवलं. काटा दोन वेळा डुलला आणि मधोमध उभा राहिला.

"एक सांग," ताई म्हणाली. "किलो अडीच ग्रॅम झिजला, दोन किलोचं पाच, पाच किलोचं तेरा. झीज काय रेशनवर मिळते, प्रत्येकाला हिशेबात?"

तोळ्याने वही मिटली. कारण आता त्याला कळलं होतं, आणि हे तो दर महिन्याला नव्या पोरापोरींना शिकवतो. जमीन सगळीकडे सारख्या जोराने ओढत नाही. तिकडे ध्रुवाच्या बाजूला जरा जास्त ओढते, इकडे जरा कमी. इलेक्ट्रॉनिक यंत्राला फक्त दाब कळतो, म्हणून तिकडे जुळवलेलं यंत्र इकडे आणलं की प्रत्येक वस्तू हलकी दाखवतं. दांडीच्या तराजूला त्याची फिकीर नाही, दोन्ही पारडी एकाच जमिनीवर असतात. पाटी त्याच्याच दारावर आहे. यंत्र हललं, की आधी पुन्हा जुळवा. हेच यंत्र दुसऱ्या कुणाच्या कारखान्यात नेलं असतं तर त्याने खोक्यातून काढताक्षणी जुळवलं असतं. इथे तसा विचारसुद्धा मनात आला नाही, कारण चूक इथलीच असणार हे त्याने खोकं उघडायच्या आधीच धरून ठेवलं होतं.

"तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"मागच्या वर्षी औषधवाल्याने तुमच्याच बाजूचं यंत्र मागवलं होतं. तीन दिवस डोकं फोडून घेतलं मी." तिने एप्रन बांधला. "पण मी आधी माझी वजनं फोडली नाहीत. यंत्राला विचारलं, बाबा रे, तू कुठून आलास."

आता बाबा उठून दारात आले होते. त्यांनी वजन पाहिलं, वही पाहिली, तोळ्याचं तोंड पाहिलं आणि हसायला लागले. हसता हसता खाटेवर बसले. उंटावरून आला होता, म्हणाले, खाली उतरवा त्याला कुणीतरी. ताईलाही हसू आलं, पण तिने ते ओठात दाबलं, कारण एक फुटलेली मोहर समोर होती आणि तपासनीस सकाळी यायचा होता.

दुपारभर तिने ते वजन सुधारलं आणि तोळ्या तिच्या हाताखाली बसला. तिने कोरायचं, त्याने फुंकर मारायची. कितीतरी वर्षांनी त्याला कुणीतरी 'अंगठा काढ' म्हणून ओरडलं. शिशाचा चुरा पारड्यात टाकताना तिची दोन बोटं मीठ सोडावं तशी हलायची आणि थांबायची. त्या थांबण्यात काय होतं ते त्याला नीट दिसलं. त्याच्या कंपनीत असे हात असलेली दोन माणसं आहेत, आणि त्या दोघांनाही कंपनी दबकून असते. संध्याकाळी काटा मधोमध उभा राहिला तेव्हा ताई म्हणाली, "उद्या हेच दाखव. तू केलंस म्हण." आणि हात धुवायला गेली. साबणाने बराच वेळ बोटं घासत राहिली. काळं निघत नव्हतं, ते कधीच निघत नाही.

तोळ्याला तेव्हा तिचं ते जेवतानाचं वाक्य आठवलं. वजनाला काय कळतंय.

गुरुवारी तुमचा तपासनीस आला. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगतो. चष्मा पुसत आला, उन्हातून चालून दमलेला होता, बाबांच्या तब्येतीची चौकशी केली. तोळ्याला पाहून मात्र खुर्ची सोडून उभा राहिला. तुम्ही तिकडे एवढ्या मोठ्या कंपनीत, मग काय प्रश्नच नाही, म्हणाला. खिशातून सहीचा कागद काढला. वजन जुळवून दाखवायचंही नाव काढलं नाही, म्हणाला, तयार असेल ते एखादं ठेवा, झालं.

तोळ्याने तेच वजन ठेवलं. तपासनिसाने स्वतःच्या पेटीतलं प्रमाण वजन काढलं, तराजू टांगला. काटा मधोमध.

"वा," तो म्हणाला. "हात आहे हो तुमच्यात."

"हे मी काल बिघडवलं," तोळ्या म्हणाला. "सुधारलं ते हिने."

तपासनीस हसला. त्याला विनय वाटला. तोळ्याने मग सगळं सांगितलं, यंत्र, वही, फोडलेली मोहर, काही न लपवता. आणि सहीचा कागद परत सरकवला. म्हणाला, मी इथे राहत नाही, परवा माझं विमान आहे.

तपासनिसाने दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "अहो, सही करा. कोण बघायला येतंय तुम्ही राहता का?"

हे वाक्य तुमच्या माणसाचं आहे. लिहून ठेवा. जो राहत नाही, ज्याला काम येत नाही, त्याने खोटी सही केली तर तुमचा अकरावा रकाना भरतो. जी समोर उभी आहे तिचं नाव त्यात मावत नाही.

ताईने तोळ्याला मागच्या खोलीत बोलावलं. दार लोटलं. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि आवाज मात्र अगदी खाली.

"काय चाललंय तुझं? कर सही."

"ताई, काम तुझं आहे."

"मला माहीत आहे कुणाचं आहे. मला सांगू नकोस." तिने एप्रनला बोटं पुसली. "खरं बोलायला परतीचं तिकीट लागतं, तोळ्या. ते तुझ्याकडे आहे. दुकान बंद झालं तर उद्या नऊ वाजता मी कुठे जाऊ?"

विमानात केलेल्या भाषणात हे कुठेच नव्हतं. तो एवढंच म्हणाला की तू म्हणशील तर आत्ता जाऊन सही करतो, पण कागदावर माझं नाव एकदा लागलं की पुढची तीस वर्षं तिथे मीच राहीन, आणि कुणी विचारलं तर तू पुन्हा पाणी आणायला उठशील. तू सांग. तुझं दुकान आहे.

ताई भिंतीला टेकून उभी राहिली. पलीकडून बाबांचा खोकला ऐकू आला, आणि तपासनीस पेन टेबलावर आपटत होता तेही. बाबा मग दाराआडूनच म्हणाले, तिच्याशी नाही, असंच, हवेत, "माझे हात गेले तेव्हाच मी हे बोलायला हवं होतं. तीन वर्षं झाली."

ताईने एप्रनची गाठ सोडली आणि परत घट्ट बांधली. बाहेर आली, बाकावर बसली, किराणावाल्याचं दुसरं, काल यंत्रावर न चढलेलं दोन किलोचं वजन ओढलं. त्याला खरंच थोडी झीज होती, दीड ग्रॅमची. तपासनीस काहीतरी बोलणार होता, पण तिने गिरमिट हातात घेतलं होतं आणि गिरमिट चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही. तोळ्या आत गेला, पेला भरला आणि साहेबांना पाणी आणून दिलं.

अकरा मिनिटं लागली. तोळ्याने घड्याळ लावलं होतं. त्याच्या कंपनीत या कामाला वीस मिनिटं देतात. काटा मधोमध. तपासनिसाने स्वतः दोनदा पाहिलं, पारडी अदलाबदल करून पुन्हा पाहिलं. मग पेटीतून मोहर आणि हातोडी काढली, आणि दोन्ही वजनांच्या शिशावर या वर्षाची मोहर उठवली. खणखणीत उठवली. त्याच्या तोंडून 'बाई, हे कुठे शिकलात' असंही निघून गेलं. ताई म्हणाली, इथेच, तुम्ही दर वर्षी येता ना, त्याच खोलीत.

पण कागदापाशी तो अडला. अकराव्या रकान्यावर पेन नेलं, परत आणलं. मला वर विचारावं लागेल, म्हणाला. ताईने परवाना तिच्या नावावर करण्याचा अर्ज तिथेच लिहिला, त्याने पोच दिली, आणि रकाना कोरा ठेवून गेला. दारात एकदा थांबला होता. काय विचार करत होता कोण जाणे.

त्यानंतरचे दोन दिवस तोळ्याच्या आयुष्यातले फार चांगले गेले. दुकानाचं काय होणार याचा पत्ता नव्हता, तरी घरात हलकं वाटत होतं. ताईने इलेक्ट्रॉनिक काटा इथल्या वजनांवर जुळवला. बाबा म्हणाले, आता हा तिकडे नेलास तर तिकडे खोटं बोलेल. मग राहू दे इथेच, तोळ्या म्हणाला, एकाने तरी परत यायला नको का? निघायच्या सकाळी बाबांनी त्याला जोडून झालेल्या त्या मोठ्या काट्यावर उभं केलं, वजन मोठ्याने वाचलं, आणि म्हणाले की तुझ्या आईने बघायला हवं होतं. दार त्याने एका बोटाने उघडलं.

ताई रस्त्यापर्यंत आली. पुढच्या वेळी येताना भेट आणू नकोस, म्हणाली, नुसता ये. त्याने विचारलं, झोपू कुठे? तिने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. शर्टावर काळी बोटं उमटली. तिकडे पोचल्यावर बायकोने तो शर्ट दोनदा धुतला. डाग गेला नाही, आणि तो तसाच शर्ट घालून कामावर जातो. दारावरच्या पाटीखालून आत शिरताना हल्ली त्याला हसू येतं. नव्या पोरांना कळत नाही का ते.

दर रविवारी तो फोन करतो. बाबा कसे आहेत, मग काम कसं आहे, मग शेवटी, उत्तर आलं का. ताई म्हणते, नाही. ती एकदा तुमच्या कार्यालयात जाऊन आली. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की अर्ज वर गेला आहे. वर म्हणजे कुठे, असं तिने विचारलं, तर त्याने छताकडे बोट दाखवलं.

मुदत या महिन्याच्या तीस तारखेला संपते. आज सव्वीस आहे. किराणावाल्याच्या दुकानात, गल्ल्याच्या डाव्या हाताला, एक किलोचं आणि दोन किलोचं वजन ठेवलेलं आहे. उलटं करून बघा. बुडाला शिसं आहे, शिशावर तुमची मोहर आहे, या वर्षाची. कारागिराशिवाय दुरुस्त झालेल्या वजनावर मोहर मारता येत नाही, हा नियम तुमचाच. तुमच्या कागदावर कारागीर नाही, आणि तुमची मोहर तर तिथे बसली आहे. दोन्हीतलं एक खोटं आहे.

मग ते शिसं कुणी ठोकलं? नाव लिहा. तीस तारखेच्या आत, अकराव्या रकान्यात, शाईने.